मेस्त्री, हिशोब मिटला. आभार मानायचे राहिले होते

नमस्कार मेस्त्री,

ठरल्याप्रमाणे शेवटचा हप्ता परवा तुमच्या खात्यात जमा केला. व्यवहार संपला, पण तुम्ही आमच्या घरासाठी जे केलंत ते पावतीत मावणारं नाही, म्हणून हे पत्र. ‘माझा नाव घालू नको, बाय’ असं तुम्ही फोनवर बजावलंत, ते पाळते. उघड लिहिते आहे ती आमच्यासारख्या चाकरमान्यांसाठी. घर कुडाळ तालुक्यात, नोकरी डोंबिवलीला आणि गावचं काम फोनवरून करून घ्यायचं. आपल्या माघारी कोण कसं काम करेल ही धास्ती ज्यांच्या पोटात आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

घरामागचा जुना गडगा, म्हणजे सिमेंटाशिवाय रचलेली दगडी भिंत, फुगला होता. चढावरची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी खाली सरकायची आणि मागच्या पडवीची भिंत ओल धरायची. तुमच्याआधी आलेल्या ठेकेदाराने ऐन मे महिन्यात टेप लावली आणि तासाभरात रक्कम सांगितली. गडगा पाडून सिमेंटात चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, उभी भिंत, आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, घरापासून फाटकापर्यंत पेव्हर ब्लॉक. कागदावर एकच आकडा, त्यात काय काय धरलंय याचा पत्ता नाही. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही आकडा दिलाच नाहीत. म्हणालात, ‘आधी पाणी खंयसून येता ता बघूया. भिंतीचा मगे.’

आणि खरोखर आषाढात, झड लागलेली असताना आलात. आईने पडवीत बसा म्हटलं तर बसला नाहीत. चढावर जाऊन वरच्या काजूंच्या बागेतलं पाणी कुठल्या वाटेने उतरतं, गडग्यामागे कुठे साचतं, घराच्या जोत्याला कुठे लागतं, हे बघितलंत आणि काठीने चिखलात रेघा ओढून आईला दाखवलंत. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. कोरडी माती भिंतीला जेवढी ढकलते त्याहून खूप जास्त जोर भिजलेल्या मातीत आणि तिच्यात अडकलेल्या पाण्यात असतो. पाण्याला वाट दिली नाही तर सिमेंटातली भिंतही पोट काढते. आधीच्या आराखड्यात पाणी बाहेर पडायला भिंतीत एक भोकसुद्धा नव्हतं. उन्हाळ्यात बघून ठरवलेल्या कामात ते सुचणार तरी कसं?

तुळशीचं लग्न आटोपलं आणि तुम्ही काम धरलंत. आधी भिंत नाही, चर! चढाच्या माथ्यावर आडवा चर खणून वरचं पाणी बाजूच्या व्हाळात (ओढ्यात) नेऊन सोडलंत. मग गडगा. पाया कातळ लागेपर्यंत खाली, बूड रुंद, वर येताना अरुंद होत जाणारा आणि चढाकडे किंचित कललेला. मागे मातीऐवजी चिऱ्यांचे तुकडे भरलेत, म्हणजे पाणी झिरपून खाली उतरेल. सिमेंट फक्त माथ्यावरच्या थराला. कोकणात पिढ्यान् पिढ्या गडगे असेच घातले जात आले आहेत आणि पाणी त्यांच्या फटींमधून निघून जातं म्हणूनच ते टिकतात. ही जुनी रीत तुम्ही नुसती जपलेली नाही, ती का चालते हे तुम्हाला उमगलेलं आहे. समोरच्याला न कंटाळता समजावून सांगता, हे त्याहून मोठं.

चिऱ्यांचा ट्रक आला त्या दिवशी मी गावी होते. तुम्ही एकेक चिरा हातोडीने ठोकून आवाज ऐकत होता. बद्द वाजणारे, मातकट चिरे बाजूला काढून परत पाठवलेत. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि वाऱ्याला लागला की कठीण होत जातो, म्हणून नवे चिरे लगेच न लावता काही दिवस उघड्यावर ठेवायला लावलेत. काम लांबतंय म्हणून शेजारी कुजबुजले. तुम्ही मनावर घेतलं नाहीत, आणि मीही घेतलं नाही.

खळ्याबद्दल तर तुमचे विशेष आभार. सगळीकडे ब्लॉक घालायचे नाहीत, हे तुम्ही ठाम सांगितलंत. मधलं खळं मातीचंच ठेवलंत, दरवर्षी पाऊस सरला की पेटण्याने चोपून शेणाने सारवायला. कडेने फक्त आईला चालण्यापुरती चिऱ्यांची वाट, घरापासून बाहेरच्या बाजूला आठ फुटांना एक इंच उतार देऊन. आईचे गुडघे दुखतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही तिला चालताना बघितलंत. बावीकडे (विहिरीकडे) उतरणाऱ्या पायऱ्या सहा इंचांहून उंच केल्या नाहीत, बाजूला धरायला कठडा दिलात, आणि चिरे गुळगुळीत न करता टाकीचे घाव तसेच ठेवलेत, शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून.

फणसाच्या बुंध्याभोवती तीन फूट माती उघडी सोडलीत. मुळांना हवा आणि पाणी लागतं, बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं की झाड हळूहळू सुकतं. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिला होता. तुम्ही आमच्या खळ्यात तेच केलंत, कुठल्याही आदेशाशिवाय. आजोबांनी लावलेला फणस आहे तो. माझ्यासाठी त्याच्यापुढे बाकी सगळं दुय्यम आहे.

आता पैशांचं बोलते, कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं. तुम्ही खणाई, चिरे, वाळू, मजुरी असं वेगवेगळं लिहून दिलंत. वाळू किती ब्रास आली, चिरे किती उतरले, हे आईच्या वहीत तिच्यासमोर मांडलंत. उरलेल्या चिऱ्यांचे पैसे स्वतःहून वळते केलेत. हप्ते कामाच्या टप्प्यांवर बांधलेत, आणि शेवटचा हप्ता मी देऊ केला तेव्हा घेतला नाहीत. ‘एक पावस जाऊं दे,’ म्हणालात. आपल्या कामाची परीक्षा आपणच पावसावर सोपवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तो पाऊस आता गेला. जुलैत आठवडाभर कोसळत होता तेव्हा आईने फोन करून सांगितलं, पडवीची भिंत हाताला कोरडी लागते. गडग्याच्या फटींतून पाणी गढूळ न येता स्वच्छ येत होतं, म्हणजे माती जागेवर आहे.

तुमच्याबरोबर राबलेल्या सगळ्यांनाही माझे आभार पोचवा. वीस-पंचवीस किलोंच्या वरचे चिरे डोक्यावरून चढावर नेणाऱ्या त्या बायकांना, आणि टाकी धरायला शिकणाऱ्या तुमच्या भाच्याला. आईने त्या सगळ्यांसाठी कोकमं आणि फणसाची साठं (पोळ्या) बांधून ठेवलीत, या बाजूला आलात की घेऊन जा. मांगराच्या (शेतघराच्या) जोत्याचं काम कधी बघायला येता तेही तिला कळवा. त्याच्या आकड्याची घाई नाही.

तुमची,
डोंबिवलीची बाय