बारा आठवडे

चि. माय,
अनेक आशीर्वाद.

आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी तू निघालीस. निंबाचा झोका अजून तसाच आहे, सोडायला हात धजत नाही. तीनदा दिवस राहून गेले त्याचा दोष काकूनं तुलाच दिला, ते मी ओट्यावर बसून ऐकलं आणि गप्प राहिलो. फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

जावईबापूंनी तुझा रिपोर्ट समजावून सांगितला. 'लुपस अँटिकोआग्युलंट' या नावावरून मला वाटलं, रक्त गोठत नसेल. ते म्हणाले, उलटं आहे. काचनळीत गोठायला वेळ लागतो म्हणून ते नाव, अंगात मात्र गुठळ्या होतात. रोगाशी लढायच्या अँटिबॉडी आपल्यावरच उलटतात, पोटातल्या बाळाला पोसणारी वार नीट रुजू देत नाहीत. म्हणजे तिन्ही वेळा तुझं ऑफिस, प्रवास, पपई, कशाचाच दोष नव्हता. काकूला हे काल चारचौघांत सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं.

पण माय, एका तपासणीवर भागत नाही. साध्या आजारपणानंही या अँटिबॉडी काही दिवस दिसतात, म्हणून बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. कॅलेंडरवर आषाढात मी खूण केली आहे. तू कामात विसरशील, हीच धास्ती. बारावीला हॉल तिकीट घरी विसरलीस, आठवतं? मधल्या काळात घाई नको. बापाला याहून जास्त लिहिता येत नाही.

रात्री दोनपर्यंत लॅपटॉप घेऊन बसतेस, जेवणाला वेळ नाही, अशानं कसं व्हायचं? बघ, आत्ताच लिहिलं कामाचा दोष नाही, आणि पुन्हा तेच. माफ कर.

तुझ्या आधी आईचे दोन गेले, १९८६ आणि १९८८ साली. मोठ्या आईनं तिला कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांना हात लावू दिला नाही. मी मळ्यात निघून गेलो, दिवसभर केळीची पिलं कापत बसलो. रात्री आलो तर ती चुलीपाशी तशीच, भाकरी करून झाकून ठेवलेली. मनुदेवीला अनवाणी गेलो मी, पण मोठ्या आईला एक शब्द बोललो नाही. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूजेस यांनी हे दुखणं १९८३ सालीच मांडलं होतं म्हणे. तुझ्या आईचं रक्त कुणी तपासलंच नाही. तपासा म्हणणारा मीही नव्हतो.

दुसरा रिपोर्टही तसाच आला तर ॲस्पिरिनची लहान गोळी, आणि दिवस राहिल्यावर गुठळ्या रोखणारं हेपरिनचं इंजेक्शन, रोज, पोटावर. हेपरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, आणि या उपचारानं कितीतरी जणींची बाळंतपणं सुखरूप होतात. तरी 'पोटावर' ऐकलं तेव्हा मला फोन खाली ठेवावा लागला. तू भिणार नाहीस. नऊ वर्षांची असताना विंचू चावला तर तूच मला म्हणालीस, आप्पा, रडू नका.

कळण्याचं पीठ पाठवतो. तपासणीची तारीख ठरली की कळव. कळव म्हणजे नक्की कळव. आदल्या रात्री भुसावळहून गाडी धरतो. आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन.

तुझा,
आप्पा