दुधाच्या पिशवीचे पन्नास पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट देताना त्या किमान ५० मायक्रॉन जाडीच्या असाव्यात आणि रिकामी पिशवी परत घेण्यासाठी तिच्यावर निदान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापलेली असावी, अशी अट घातली होती. मी गेल्या महिन्यात वाळवलेल्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन आमच्या दूधवाल्याकडे गेलो, तर त्याने हसून समोरच्या भंगारवाल्याकडे बोट दाखवले.

आमच्याकडे रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या लागतात, म्हणजे वर्षाला सातशे तीस. त्या विसळून, उलट्या करून स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या दोरीवर चिमट्याने टांगण्याची सवय मला आईने लावली. भंगारवाला अशा पिशव्या किलोवर घेतो. आंबलेल्या, वास मारणाऱ्या मात्र परत करतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. हे प्लास्टिक एकाच जातीचे असल्याने ते वितळवून त्याचे दाणे करता येतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे त्याला भंगारातही कोणी विचारत नाही. इतका सोपा माल आपण ओल्या कचऱ्यात बरबटवून टाकतो आणि मग कचरावेचक बायांनी तो उघड्या हातांनी निवडावा, अशी अपेक्षा धरतो!

पिशवीचा कोपरा पूर्ण कापण्याची पद्धतही सोडायला हवी. नखाएवढा तो त्रिकोण मोरीत जातो, नाहीतर खतात. पुढे तो कोणाच्याच हाती लागत नाही. कात्री थोडी अलीकडे थांबवली, तर तुकडा पिशवीलाच लटकून राहतो.

पन्नास पैशांसाठी दुकानापर्यंत कोण जाणार, असा प्रश्न विचारला जातो. सुखवस्तू घरातले कदाचित जाणार नाहीत, पण शंभर पिशव्यांमागे पन्नास रुपये मिळणार असतील तर कचरावेचक नक्की जातील. परत घेण्यासाठी वेगळी गाडीही नको. पहाटे दूध उतरवणारा टेम्पो आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट मोजून घेऊनच परत फिरतो. त्याच क्रेटवर बंद तोंडाचे एक पोते ठेवायला दूध संघांना नेमकी कोणती अडचण आहे, हे शासनाने त्यांना लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जाहीर करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे