एचपीव्हीला ‘बायकांचा विषाणू’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आलेला लेख वाचला. माहिती नेमकी होती आणि मुलींना लस द्या हा आग्रहही रास्त होता. मात्र लेखात हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्हीला (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘स्त्रियांमधील विषाणू’ म्हटलं आहे. या समजाची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून लिहितो आहे.

माझ्या थोरल्या भावाला दाढी करताना जबड्याखाली गाठ लागली. गाठ दुखत नव्हती, घशालाही काही त्रास नव्हता. सर्दीने सुजली असेल असं समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले आणि चार महिने निघून गेले. पन्नाशीचा माणूस, तंबाखू नाही, सिगारेट नाही. कर्करोगाचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. शेवटी बायॉप्सी झाली. कर्करोगाचं मूळ घशातल्या टॉन्सिलमध्ये निघालं आणि कारण एचपीव्ही. दादा एवढंच म्हणाला, “पण हा तर बायकांना होतो ना?” वहिनी त्यानंतर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिला काय वाटलं असेल ते सांगायला नको. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. हा विषाणू लैंगिक संबंधात, मुखमैथुनातही, त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. म्हणून कंडोमने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, कळतही नाही. थोड्यांच्यात तो टिकून राहतो आणि कर्करोग व्हायला दहा, वीस, कधी तीस वर्षं लागतात. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुणीच सांगू शकत नाही. लग्नाआधीचाही असू शकतो. आजचा रिपोर्ट म्हणजे आजच्या बेइमानीचा पुरावा नव्हे. वहिनी तिथेच रडली. हे आधी कुठे वाचलेलं असतं तर ते दोन दिवस तिच्या वाट्याला आले नसते.

पुरुषांमध्ये हा संसर्ग विरळा आहे असंही नाही. २०२३ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार जगात पंधरा वर्षांवरील तीनपैकी जवळपास एका पुरुषाच्या जननेंद्रियावर एचपीव्ही आढळतो, आणि पाचपैकी एकात कर्करोगाचा धोका असलेला प्रकार. या विषाणूच्या ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे गुप्तांगावर चामखिळी येतात. १६ क्रमांकाचा प्रकार घसा, गुदद्वार आणि शिश्नाच्या कर्करोगाला कारण ठरतो. अमेरिकेत तर एचपीव्हीमुळे पुरुषांना होणाऱ्या घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांना मागे टाकलं आहे. शिवाय बायकांसाठी गर्भाशयमुखातल्या पेशी तपासणारी पॅप चाचणी आहे, पुरुषांसाठी तशी कुठलीच नियमित तपासणी नाही. घशातला बदल अनेकदा गाठ येईपर्यंत लपूनच राहतो.

उरते ती लस. तिच्यात विषाणूच्या बाहेरच्या कवचासारखी प्रथिनं असतात, जिवंत विषाणू नसतो. झालेला संसर्ग ती बरा करत नाही, म्हणूनच ती नऊ ते चौदा या वयात, विषाणूशी गाठ पडण्याआधी द्यायची. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून आणि ब्रिटनने २०१९ पासून मुलग्यांनाही ती शाळेतून द्यायला सुरुवात केली. डोस अपुरे असतील तिथे मुलींना आधी, हे मला मान्य आहे; गर्भाशयमुखाचा कर्करोग जगभर फार जास्त बायकांचा जीव घेतो. पण मुलाच्या आईबापांनी डॉक्टरांना निदान विचारावं, एवढं तरी छापायला काय हरकत आहे?

दादाचं रेडिएशन आणि किमो संपली. एचपीव्हीमुळे होणारे घशाचे कर्करोग उपचारांना बऱ्यापैकी दाद देतात, तसं त्याचंही झालं. लाळ मात्र आटली आहे. घास उतरायला प्रत्येक वेळी पाणी लागतं.

पुढच्या लेखात पुरुषांसाठी एक परिच्छेद ठेवा. मानेतली गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, मग ती दुखत नसली तरी, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, हे त्यात ठळक अक्षरांत येऊ द्या. हे वाक्य दादाने सांगितलेलं आहे.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव न छापण्याची विनंती)