क्लीव्हलँडहून बाबांना: गावाकडची जमीन विकू नका

ती. बाबा आणि ती. आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही गावाकडचे चार गुंठे विकून पैसे पाठवायचं म्हणालात, म्हणून लगेच लिहायला बसलो. जमीन अजिबात विकू नका. मी ज्या तऱ्हेचं घर बघतोय, त्याला तेवढा पैसा लागतच नाही.

इथल्या जुन्या वस्त्यांत खाली एक बिऱ्हाड, वर एक बिऱ्हाड अशी लाकडी घरं पुष्कळ आहेत. लोक त्यांना ‘डबल’ म्हणतात. मालक स्वतः एका मजल्यावर राहणार असेल, तर सरकारी विम्याच्या एफएचए कर्जात किमतीच्या ३.५ टक्के रक्कम भरून असं घर घेता येतं. ग्रीन कार्ड हातात आल्यामुळे मी त्यात बसतो. ६० दिवसांत राहायला जायचं आणि निदान वर्षभर तिथेच राहायचं, ही अट. २ लाख डॉलरचं घर धरलं तर पदरचे ७ हजार, वर कागदपत्रांचा खर्च. हप्त्यासोबत कर्जाच्या विम्याचेही पैसे जातात, तेही हिशेबात धरलेत.

हे सगळं मला शिकवलं ते इथल्या मुरलेल्या घरमालकांनी. हॉटेलात शिबिरं भरवून हजारो डॉलर फी घेणारेही आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्यांची स्वतःची अशी घरं आहेत. एक पैसा न घेता त्या माझ्याबरोबर घर बघायला येतात.

मागच्या घराला दलाल आम्हाला नवं स्वयंपाकघर दाखवायला निघाला, तर बाई थेट तळघरात उतरल्या. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीवरच्या पट्टीवर टॉर्च मारून ती कोणत्या साली बसवली ते वाचलं. भिंतीच्या बुडाला पांढरे फुललेले क्षार बोटाने खरवडून दाखवले. म्हणजे पाणी झिरपतंय. मग माणूस बोलावून सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडला. रस्त्याकडे जाणारा नळ जुन्या मातीचा, आणि पडद्यावर सांध्यासांध्यातून आत घुसलेली झाडाची मुळं. तो खणून बदलायचा म्हणजे हजारो डॉलर. ते घर आम्ही तिथेच सोडलं. कुठलं घर घ्यायचं नाही, हे कळायला असं माणूस सोबत लागतं.

एका मजल्यावर मी राहणार, दुसरा भाड्याने देणार. त्या भाड्याबद्दल बाईंचा ठोकताळा असा: महिन्याला १,२०० डॉलर आले तर हप्ता सोडून बाकीच्या खर्चाला ६०० जातील असंच धरायचं. कर, विमा, दुरुस्ती, रिकामा गेलेला महिना, आणि कधीतरी बदलावं लागणारं छप्पर. बाबा, तुम्ही सोसायटीचे खजिनदार असताना सिंकिंग फंडासाठी सभासदांशी भांडायचात ना, तेच हे. फक्त इथे सोसायटी नाही, मलाच दर महिन्याला बाजूला काढायचेत.

भाडेकरू निवडतानाही कायदा पाळावा लागतो. १९६८ च्या कायद्याने वंश, धर्म, मूळ देश यांवरून कुणाला नाकारता येत नाही. घरात लहान मुलं आहेत म्हणूनही नाही, ही भर १९८८ साली पडली. पुण्यात खोली शोधताना मला जे प्रश्न विचारले गेले, ते मला कुणालाही विचारायचे नाहीत. उत्पन्न आणि आधीच्या घरमालकाचं मत, सगळ्यांना एकच फूटपट्टी.

१९७८ च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. त्याचा चुरा मुलांच्या पोटात गेला तर मेंदूला इजा होते. म्हणून क्लीव्हलँडमध्ये अशी घरं भाड्याने द्यायला शिसे-सुरक्षित असल्याचा दाखला लागतो. पुढचं घर पसंत पडलं की खिडक्यांच्या चौकटींची तपासणी मी आधी करून घेणार, भाडेकरू नंतर.

हिशेबाचा तक्ता सोबत जोडलाय. दुरुस्तीचा रकाना तुम्ही नीट तपासा आणि कमी वाटला तर आकडा वाढवून कळवा. रविवारी तुमच्या सकाळी फोन करतो.

तुमचा,
बाळू