ऑटर क्लिफहून आल्यावर

बॉस्टन,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

बोटं सोलवटली आहेत, तरी आजच लिहितोय. काल मेनमधल्या अकेडिया नॅशनल पार्कात ऑटर क्लिफवर चढलो. गुलाबी ग्रॅनाइटचा कडा, उंची जेमतेम १८ मीटर, पण पाय थेट अटलांटिकमध्ये.

आपल्याकडे आधी चढायचं, मग उतरायचं. इथे उलटं. रस्ता माथ्यावरूनच जातो. वरच्या बोल्टांना अँकर बांधायचा, दोर धारेवर घासू नये म्हणून मास्टर पॉइंट, म्हणजे दोर ज्यातून जातो तो अँकरचा मुख्य फास, धारेखाली सोडायचा, त्यात दोन कॅरॅबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या) तोंडं उलटसुलट करून लावायचे आणि रॅपल करत, म्हणजे दोरावरून उतरत, समुद्रापाशी जायचं. झाडांना दोर बांधायचा नाही. मुळांवर माती उरलीच आहे किती! आणि परत यायचं ते भरती चढायच्या आत.

गुरुवारी पौर्णिमा झाली, म्हणजे काल उधाण. गाडीत तुझ्या आजोबांचं गणित केलं, तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ: वद्य द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, दीडला पूर्ण भरती. इथल्या तक्त्यात वेळ होती १२.५०! हर्णैचा हिशोब मेनमध्ये चाळीस मिनिटांच्या फरकानं जुळला. आजोबांना आठवणीनं सांग.

सातला खाली पोचलो तेव्हा ओहोटी होती. पायाशी बुळबुळीत तपकिरी शेवाळ, त्यावर खडकाला चिकटलेल्या पांढऱ्या, धारदार कवचांच्या बार्नेकलचा पट्टा (बोटं त्यानेच कापली), त्याहून वर काळा, निसरडा थर. भरतीचं पाणी कुठवर येतं ते कड्यावरच लिहिलेलं. त्याच्या वर मात्र कोरडा, खरखरीत ग्रॅनाइट. बूट असे धरतात की आपल्या बसाल्टवर कधी धरले नाहीत.

साडेनऊला ऑफिसातली मैत्रीण शेवटची चढत होती. तिला बिले देणारा, म्हणजे ती पडली तर दोर धरून थांबवणारा मी, खडकाला स्वतःला बांधून उभा. लाटेनं ओढून नेऊ नये म्हणून इथे तसं बांधून घेतात. ती वरच्या ओव्हरहँगपाशी, बाहेर झुकलेल्या खडकापाशी अडली आणि एक लाट माझ्या गुडघ्यांवर आली. पाणी इतकं गार की श्वासच अडकला. पण ब्रेकचा हात, दोर आवळून धरणारा, उघडला नाही, बंड्या. मुंब्र्याला तू मनगटावर चापट्या मारून शिकवलंस ना, "काही झालं तरी हा हात सोडायचा नाही", तो हात.

ती माथ्यावर पोचली. लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोराला तीन हिसके ही खूण ठरली होती. तिने स्वतःला बांधून घेईपर्यंत मला थांबायचं होतं. पाणी मांड्यांपर्यंत आलं. मी दोराकडे बघत होतो, दुसरं काहीच सुचत नव्हतं. एक, दोन, तीन! मग तिने वरून बिले लावला, दोर ताणला गेला आणि तेव्हाच मी खालची गाठ सोडली.

तू चढणं सोडून चार वर्षं झाली. कारणं मला माहीत आहेत, वाद घालत नाही. पण जूनमध्ये ये. हार्नेस, दोर सगळं इथे आहे, फक्त तुझे बूट आण. आपण अमावास्या-पौर्णिमा टाळून, भांगाचे, कमी भरतीचे दिवस बघून जाऊ.

दोर बाल्कनीत वाळत घातलाय. गोड्या पाण्यातून दोनदा काढला, तरी हाताला अजून मीठ लागतंय.

तुझा,
अव्या