अ‍ॅमस्टरडॅमहून, तिसऱ्या मजल्यावरून

ती. आई-बाबा,
सा. न.

काल संध्याकाळी पोचले. ऑफिसने यंदा नेहमीचं काचेचं हॉटेल सोडून कैझर्सग्राख्त कालव्यावरच्या एका जुन्या घरात सोय केलीय. सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्याचं घर, आता बारा खोल्यांचं हॉटेल. भाडं भरमसाट आणि लिफ्ट नाही! बाबा, जिना पाहिला आणि वाईचा वाडाच आठवला. पाऊल तिरकं टाकावं लागतं एवढ्या अरुंद पायऱ्या, आणि धरायला वरून सोडलेला दोर. फक्त आपल्या माडीवर मला कधी वीस किलोंची बॅग चढवावी लागली नव्हती.

इथले लोक म्हणे जड सामान जिन्याने नेतच नाहीत. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते, तिला आकडा. त्यात कप्पी अडकवायची आणि विहिरीतून घागर ओढावी तसं कपाट वर ओढून खिडकीतून आत घ्यायचं. ते भिंतीवर आपटू नये म्हणून दर्शनी भिंतच जराशी पुढे झुकवून बांधलेली. मला आधी वाटलं, घर पडतंय! (काही घरं खरोखर कललीत, ते वेगळं. जुनं शहर दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत. लाकूड पाण्यात बुडालेलं असेतो टिकतं, हवा लागली की कुजायला लागतं.)

आई, न्याहारीला लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे दाणे भुरभुरवतात. पोरांसाठी असेल म्हटलं, तर शेजारचे आजोबाच मन लावून खात होते.

मालकीणबाईंना लिफ्टचं विचारलं. म्हणाल्या, घर वारसा-यादीत आहे, खिडकी बदलायची तरी परवानगी काढावी लागते. वाड्याच्या कागदांवर बाबांनी अजून सही केली नाही, असं दादा सांगत होता. त्याबद्दल पत्रात नको, आल्यावर बोलू.

पुढच्या मे महिन्यात मात्र तुम्हा दोघांना इथे आणणार आहे. मागच्या बागेकडे उघडणारी एक खोली आहे, पूर्वी तिथे स्वयंपाकघर होतं. पायऱ्या मोजून आले. चारच आहेत, त्याही उतरायच्या. बाबा, पासपोर्ट तेवढा ट्रंकेतून शोधून ठेवा.

तुमची,
मनू