हुरमुंजी आणि चुना

मालवण,
२८ सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला, राग मानू नकोस. इतकी वर्षे कातळसडे, म्हणजे इथले खडकाळ माळ, रंगवणारा माणूस एकाएकी पारलिंगी व्यक्तींची व्यक्तिचित्रे का करू लागला, असे तू विचारले आहेस. एकाएकी काही झालेले नाही, आणि सडेही सुटलेले नाहीत. दोन्ही कामे एकाच घमेल्यातून निघतात, ज्यात मी चुना आणि हुरमुंजीची तांबडी माती कालवतो.

दक्षिण कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरचे कावी काम तू पाहिलेले आहेस. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा पातळ थर द्यायचा, तो ओलसर आहे तोवर दाभणासारख्या टोकदार हत्याराने खरवडायचा आणि खालचा पांढरा उघडा करायचा. यात रंग चढवण्यापेक्षा काढण्याचेच काम जास्त. मी हीच रीत निसर्गचित्रांसाठी घेतली, कारण सडाही तसाच आहे. वरून काळाकुळकुळीत दिसणारा जांभा चिरेखाणीत कापला की आतून तांबडा निघतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच दगडावर सीतेची आसवे फुलली की काही दिवस सगळा माळ निळा-जांभळा होऊन जातो. खाणीतली भुकटी वस्त्रगाळ करून मी डिंकात खलतो, वाळलेले गवत आणि मांजरपाटाच्या चिंध्या खळीने चिकटवतो, आणि मग वरून चुना.

पहिल्या वर्षी मी हा सगळा संसार हौसेने कॅनव्हासवर मांडला, ही माझी चूक. दमट हवेत आणि कोरड्या हवेत कापड सैल-ताठ होत राहिले, चुना मात्र ताठच्या ताठ, त्यामुळे दिवाळीनंतर एका चित्रातल्या आकाशाचे पोपडे सुटून जमिनीवर पडलेले सापडले. शिवाय त्या आकाशात मी प्रशियन निळा घातला होता, तो चुन्याने खाऊन टाकला आणि तपकिरी डाग तेवढे उरले. गेरू, काव, हुरमुंजी ही लोखंडाची माती चुन्याला दाद देत नाही. तेव्हापासून मी प्लायच्या फळीवर काम करतो आणि निळ्याचा नाद जवळजवळ सोडला आहे.

व्यक्तिचित्रांची सुरुवात जिच्यापासून झाली, तिचे नाव लिहीत नाही. तशी तिची अट आहे. ती पहिल्यांदा बसायला आली तेव्हा माझ्याशी ‘मी आले, मी थांबते’ असे बोलत होती. मध्येच आईचा फोन आला आणि ती सहज ‘जेवलो गे, येतो’ म्हणाली. फोन ठेवल्यावर पुन्हा ‘कुठे बसू, ह्या बाजूला वळले तर चालेल?’ आपल्या भाषेत पहिल्याच क्रियापदाला माणसाला बाजू घ्यावी लागते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि ती दिवसातून किती वेळा ही उडी मारत असेल, याचा हिशेब मी चित्र सोडून करत बसलो.

ती फळी मी मन लावून केली. तांबड्यातून चेहरा खरवडून काढला आणि थोड्या अभिमानानेच सांगितले, की वरचा थर काढला की खालचे खरे दिसते. तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, ‘दादा, खरवडून निघते तेच खरे, असे कोणी सांगितले? वरचा रंग मी स्वतः लावलेला आहे. खालचे तर मला न विचारता दिलेले होते.’ १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, ही तारीख तिला तोंडपाठ आहे. ‘न्यायालयाने माझ्यावर सोपवले, आणि तुमच्या फळीवर मात्र तुम्ही ठरवणार?’ मला उत्तर सुचले नाही, आणि आपला एक आवडता विचार मोडीत निघाल्याचे वाईटही वाटले, हे तुझ्यापाशी कबूल करतो.

तेव्हापासून वरचा थर समोर बसणारी व्यक्ती स्वतःच्या हाताने देते. कुठे खरवडायचे आणि कुठे तांबडे तसेच ठेवायचे, हेही तीच सांगते. दाभण तेवढे माझ्या हातात. मागे कोणती जागा यावी, हाही निर्णय माझा नाही. चित्रकार भूपेन खख्खर यांचे १९८१ मधले ते मोठे चित्र तुला आठवत असेल: सज्जात पाठमोरा उभा असलेला उघडा माणूस, आणि समोर गावात बापलेक आणि गाढवाची गोष्ट चाललेली. मी पूर्वी त्यातला माणूसच पाहत असे. आता वाटते, ते गाव नसते तर त्या उघडेपणाला काही अर्थच उरला नसता. त्यामुळे सड्याला मी आता पार्श्वभूमी म्हणत नाही.

एकाच व्यक्तीच्या इतक्या फळ्या कशासाठी, असे इथले एक गृहस्थ विचारत होते. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाकडे पुन्हा पुन्हा गेले, तेव्हा त्यांना कोणी हिशेब विचारला होता का? तिच्या तीन फळ्या पूर्ण झाल्या आहेत आणि तिन्हींत ती वेगळी आहे.

चौथ्या फळीवर माझे घोडे अडले आहे. मागे सडा नको, एस.टी. स्थानकातला सिमेंटचा बाक हवा, असे ती म्हणते, कारण साडी नेसून घराबाहेर पडल्यावर ती पहिल्यांदा तिथेच दोन तास बसली होती. सिमेंट मी जन्मात रंगवलेले नाही. फळीवर खराखुरा सिमेंटचा हात देऊन त्यावर चुना चढवावा, असा विचार आहे, पण तो धरेल की पापुद्र्यासारखा सुटेल, याचा भरवसा वाटत नाही. तू जुन्या वाड्यांच्या डागडुजीत दोन्हींशी झगडतोस, तेव्हा प्रमाण काय ठेवावे आणि आधी पृष्ठभाग किती खरबरीत करावा, ते सविस्तर लिही. ती दसऱ्यानंतर येणार आहे, त्याआधी पत्र पोचेल असे बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मालवणकर मित्र